चेक इंजिन लाइट ब्लिंक होतेय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेले बरेच महिने जे प्रश्न येतायत ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत आणि पुढे पुढे किचकट होत जातात. एक गोष्ट दोनदा लिहायची नाही म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. सगळं पेट्रोल गाडी धरून लिहिलंय. गॅस, डिझेल आणि बाइकवाल्यांनी थेट १५, १६, १७ बघितले तरी चालेल, पण २ नंबर सगळ्यांनी वाचा.

१. लाइट नुसती लागणं आणि ब्लिंक होणं, दोन्ही एकच ना?

नाही, बराच फरक आहे. स्थिर लाइट म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं सापडलंय आणि त्याने कोड, म्हणजे त्या दोषाचा नंबर, साठवून ठेवलाय. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न लावल्यामुळेसुद्धा काही गाड्यांत ती लागते, म्हणजे दोनचार दिवसांत दाखवलं तरी चालतं. (तापमानाची किंवा ऑइलची लाल लाइट सोबत असेल तर मात्र लगेच थांबा, तो विषय वेगळा.) चालत्या इंजिनात ब्लिंक होणारी लाइट एकच सांगते, की मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि तो एवढा आहे की सायलेन्सरच्या लाइनमधलं धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, जळू शकतं. साधारण सेकंदाला एकदा या गतीने ती उघडझाप करते. अपवाद आहेत, ते १४ मध्ये.

२. रस्त्यात असताना ब्लिंक व्हायला लागली तर आधी काय करू?

अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. बहुतेक वेळा चढावर किंवा ओव्हरटेक करताना, म्हणजे इंजिनावर लोड असतानाच ब्लिंक सुरू होते आणि लोड काढला की थांबते. तरीही ब्लिंक होतच असेल, गाडी थरथरत असेल, पिकअप मेला असेल तर सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर उभी करू नका, खाली कॅट भयंकर तापलेलं असतं आणि त्याने खरोखर आग लागते. पाच मिनिटांनी परत चालू करून बघायला हरकत नाही, तशीच असेल तर टो करा. थांबली असेल तर एसी बंद, हळू आणि कमी आरपीएमवर, जवळच्या गॅरेजपर्यंतच.

३. तशीच घरापर्यंत चालवली तर नक्की काय बिघडतं? गाडी तर चालतेय.

चालते, कारण बाकीचे सिलिंडर ओढत असतात. पण जो सिलिंडर मारत नाहीये त्यातलं पेट्रोल न जळता हवेसकट सायलेन्सरमध्ये जातं आणि कॅटमध्ये जाऊन जळतं. कॅट एरवी साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतं, कच्चं पेट्रोल जाळायला लागलं की हजारच्या वर जातं. मग आतल्या सिरॅमिकच्या जाळीवरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर निकामी होतो आणि फारच झालं तर जाळीच वितळून वाट बंद होते. त्या किमती धातूंमुळेच कॅट एवढं महाग असतं. म्हणजे प्लग (ठिणगी पाडणारा) किंवा कॉइल (प्लगला वीज देणारी) यांसारख्या मानाने स्वस्त पार्टपायी त्याच्या कितीतरी पट महाग पार्ट जातो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ करतं. बरेच दिवस तशीच चालवली असेल तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलून टाका, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर नक्कीच.

४. थोडा वेळ ब्लिंक झाली, मग नुसती पेटून राहिली. आपोआप बरी झाली का?

नाही हो. मिसफायर त्या क्षणी कमी झाला एवढंच. मूळ दोष तिथेच आहे आणि पुढच्या चढावर परत दर्शन देईल. यात एक फायदा आहे, कोड आता साठलेला आहे, त्यामुळे हीच स्कॅनर (कोड वाचायचं यंत्र, ६ बघा) लावायची योग्य वेळ. लाइट पूर्ण विझली असली तरी पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड सापडू शकतो, बघाच.

५. मिसफायर होतोय आणि तोही दोन नंबरच्या सिलिंडरला, हे गाडीला कळतं कसं?

मला विचाराल तर हा भाग फार हुशारीने केलेला आहे. मिसफायरसाठी वेगळा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतोच. क्रँकशाफ्टजवळ (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक) दात असलेली एक रिंग फिरते आणि तिच्यासमोर क्रँक सेन्सर असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेरीला एक सिलिंडर मारतो आणि प्रत्येक वेळी क्रँकला किंचित धक्का बसून गती वाढते. एखाद्या वेळी तो धक्का आला नाही की रिंगचे पुढचे दात सेन्सरसमोरून जरा उशिरा जातात, आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरवरून कळतं की त्या वेळी पाळी कुणाची होती. कॅटला धोका आहे का हे बघायला कॉम्प्युटर क्रँकच्या २०० फेऱ्यांमधले मिस मोजतो. ३००० आरपीएमला २०० फेऱ्या म्हणजे फक्त ४ सेकंद, म्हणून ब्लिंक एवढी पटकन सुरू होते. कमी प्रमाणातल्या मिसफायरसाठी १००० फेऱ्यांचा हिशोब असतो आणि त्यात स्थिर लाइट लागते.

६. स्कॅनर घेऊ का? आणि ते आकडे वाचायचे कसे?

घ्या. ब्लूटूथवाला छोटा अ‍ॅडॅप्टर आणि मोबाइलमधलं अ‍ॅप सुरुवातीला पुरतं. सॉकेट बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खाली असतो, १६ पिनांचा. मिसफायरचे कोड लक्षात ठेवायला सोपे आहेत, पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन, असेच पुढे. पी०३०० म्हणजे एक ठरावीक नाही, कधी हा कधी तो. पी०३५१ पासून पुढचे कॉइलच्या सर्किटचे, पी०२०१ पासूनचे इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणारा पार्ट) सर्किटचे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.

कोड वाचला की फ्रीझ फ्रेम उघडून स्क्रीनशॉट काढा. कोड पडला त्या क्षणीचा आरपीएम, स्पीड, लोड, इंजिनचं तापमान सगळं त्यात असतं. "थंड इंजिन, उभी गाडी" आणि "गरम इंजिन, फुल लोड" या दोन वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि लोक नेमका हाच भाग न बघता कोड क्लिअर करून टाकतात.

७. पी०३०२ आलाय. कॉइल घेऊ की प्लग?

अजून काहीच घेऊ नका. कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. आधी अदलाबदल करा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत हे अर्ध्या तासाचं काम आहे.

इंजिन बंद आणि थंड. दोन नंबरच्या कॉइलचा कनेक्टर लॉक दाबून काढा (वायर ओढून नाही, जुनं प्लास्टिक लगेच तुटतं), बोल्ट काढा, कॉइल थोडी फिरवून वर ओढा. तीन नंबरची पण काढा आणि एकमेकींच्या जागी बसवा. कोड क्लिअर करा आणि फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तशीच चालवून बघा, पण जास्त वेळ नको. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग तेच प्लगचं करा. प्लगही निर्दोष निघाला तर १० वर जा.

दोन्ही एकदम हलवू नका, नाहीतर कोड सरकला तरी कुणामुळे ते कळणार नाही. दुसरं म्हणजे इंजिन चालू असताना कॉइल उपसून बघायची जुनी सवय सोडा, तिथे हजारो व्होल्ट असतात, तुम्हालाही झटका आणि कॉइललाही.

काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना स्पार्क देते, बहुधा १-४ आणि २-३ अशा जोड्या. तिथे पी०३०१ आणि पी०३०४ जोडीने आले तर कॉइल पॅककडे बोट जातं. एकटाच आला तर प्लग किंवा हाय टेन्शन वायर.

८. प्लग काढला, आता त्यात बघायचं काय?

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर ठीक जळतोय. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर स्पार्क पडतच नाहीये. ओला तेलकट असेल तर ऑइल आत येतंय, पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा अगदी धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर खूश होऊ नका, त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात असू शकतं. पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली तर स्पार्क गॅपमध्ये (प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत) न पडता बाहेरून उडी मारतोय. असा प्लग बदलाच आणि कॉइलचा रबर बूट पण तपासा, त्याच्या आत तशीच रेघ सापडते. बूट न बदलता नवा प्लग टाकला तर तोही तसाच होतो.

प्लगच्या विहिरीत ऑइल साठलेलं असेल तर वरच्या कव्हरचं गॅस्केट किंवा ट्यूब सील गेलंय, आधी ते. गॅप गाडीच्या पुस्तकात असतो तोच ठेवा, बहुतेक ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो. आणि बसवताना पहिले आटे हातानेच, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटा गेला की रडायची वेळ येते.

९. पी०३०० आलाय, एकही सिलिंडर नेमका दाखवत नाही. आता अदलाबदल कशाची करू?

कशाचीच नाही. इथे जे सगळ्यांना मिळून लागतं ते बघायचं, म्हणजे हवा, पेट्रोल, टायमिंग. (सगळे प्लग एकाच वेळी म्हातारे झाले असतील तर तेही कारण असतं, शेवटचे कधी बदलले ते आठवा.)

स्कॅनरवर लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. शून्याच्या आसपास, फार तर दहा इकडेतिकडे, इथपर्यंत चिंता नाही. आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, उभ्या गाडीत) अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळजवळ नॉर्मल असेल तर इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय, कारण आयडलला बाहेरून येणाऱ्या त्या हवेचा वाटा मोठा असतो. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) हे बघा. कान लावला तर सुस्स आवाज येतो, नाहीतर स्मोक टेस्ट करून घ्या. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारून लीक शोधतात, तो ज्वलनशील असतो, मी सुचवणार नाही. याच्या उलट, आयडलला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय. फिल्टर, पंप, नाहीतर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर घाण झालाय.

यात एक फसवणारी गोष्ट आहे. ट्रिम ज्याच्यावरून ठरते तो सायलेन्सरच्या लाइनमधला ऑक्सिजन सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. सिलिंडर मिस झाला की न वापरलेला ऑक्सिजन पण बाहेर येतो आणि सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे. त्यामुळे साध्या कॉइलच्या दोषातसुद्धा पी०१७१ सोबत येऊ शकतो. ठरावीक सिलिंडरचा कोड आणि पी०१७१ दोन्ही असतील तर आधी सिलिंडरच्या मागे लागा.

नुकतंच पेट्रोल भरल्यावर सुरू झालं असेल तर पेट्रोलमध्ये पाणी किंवा भेसळ हा संशय पहिला. आणि पी०३०० सोबत पी०००८ किंवा पी००१६ असला तर चेन किंवा बेल्टचं टायमिंग सरकलेलं असू शकतं, गाडी चालू करू नका. टायमिंग फार सुटलं तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

१०. प्लग नवे, कॉइल नवी, तरी तोच सिलिंडर. आता काय?

आता इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. त्याआधी कॉइलच्या कनेक्टरच्या पिना आणि वायर बघा, उंदराने कुरतडलेली वायर नव्या कॉइलने बरी होत नाही.

इंजेक्टर चालतोय का हे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर आणि मूठ कानाला लावून ऐकता येतं, टकटक आली पाहिजे, बाकीच्यांसारखीच. फिरत्या बेल्टपासून मात्र बाही आणि केस लांब ठेवा. टकटक येते म्हणजे वीज पोचते एवढंच, आत कचरा असला तर पेट्रोल तरीही कमी पडतं. वर असणारे साधे इंजेक्टर हलवता येतात, ७ सारखीच युक्ती. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं) मात्र स्वतः हात घालू नका, तिथलं प्रेशर जीवघेणं असतं.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये आकडा किती यापेक्षा चारही किती जवळ आहेत ते महत्त्वाचं. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता बरीच.

११. फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला ब्लिंक होते, मिनिटभराने सगळं शांत.

हा प्रश्न फार येतो आणि याला हलक्यात घेतलं जातं. रात्रभर उभ्या गाडीत काहीतरी झिरपतंय असा संशय घ्यायचा. गळका इंजेक्टर असेल तर पेट्रोलचा वास आणि काळपट धूर. व्हॉल्व्ह सील असेल तर निळसर धूर. पांढरा गोडसर वासाचा धूर आणि कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल तर हेड गॅस्केट, आणि हे पुढे ढकलू नका. (थंडीत सुरुवातीची पांढरी वाफ सगळ्याच गाड्यांना असते, ती थोड्या वेळात जाते.) डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण तिथे व्हॉल्व्ह धुणारं पेट्रोल येतच नाही. म्हणून टाकीत ओतायचं क्लीनर त्यावर चालत नाही, व्हॉल्व्ह प्रत्यक्ष साफ करावे लागतात.

१२. पावसात किंवा इंजिन धुतल्यावरच होतं, कोरडं झालं की गायब.

कॉइलला किंवा वायरला चीर आहे, नाहीतर प्लगच्या विहिरीत पाणी गेलंय. कॉइल काढून विहीर कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडी करा, बूट पुसा. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनात लांबूनच बघितलं तर कधीकधी चिरेतून निळी ठिणगी उडताना दिसते. सुकल्यावर बरं होतं म्हणून चीर बुजत नाही, पुढच्या पावसात हेच.

१३. मिसफायरसोबत पी०४२० पण आलाय, मेकॅनिक म्हणतोय कॅट बदला.

आधी मिसफायर, मग कॅट. पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाहीये, पण मिसफायर चालू असताना ती परीक्षाच धड होत नाही. मिसफायर पूर्ण बरा करा, कोड क्लिअर करा, काही दिवस चालवा. परत आला नाही तर कॅट वाचलं. आला तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये लीक नाही ना ते बघून मगच कॅटचा विचार. मिसफायर तसाच ठेवून नवं कॅट बसवणं म्हणजे तेही जाळायची सोय. थंड कॅटवर रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत खुळखुळलं किंवा गाडी वेग घेतच नसेल तर मात्र जाळी फुटली किंवा तुंबली आहे.

१४. गाडी लोण्यासारखी चालतेय, थरथर नाही काही नाही, तरी ब्लिंक होतेय. असं कसं?

इथे तीन गोष्टी तपासा.

एक, इंजिन चालू आहे का नुसती चावी ऑन आहे? काही कंपन्यांच्या गाड्यांत चावी ऑन ठेवली की लाइट १५-२० सेकंद स्थिर राहून मग काही वेळा ब्लिंक होते. त्याचा अर्थ गाडीच्या अंतर्गत चाचण्या अजून पूर्ण व्हायच्यात, दोष नाही. बॅटरी काढून लावल्यावर हे हमखास दिसतं.

दोन, नुकतंच क्लच, फ्लायव्हील, टायमिंग चेन किंवा क्रँक सेन्सरचं काम झालंय का? ५ मध्ये सांगितलेल्या रिंगच्या दातांमधले बारीकसारीक फरक कॉम्प्युटरने पाठ केलेले असतात, पार्ट बदलला की ते परत शिकवावे लागतात. काही गाड्यांत ते आपोआप होतं, काहींत स्कॅनरने करावं लागतं. पी०३१५ हा त्याचाच कोड.

तीन, खूप खडबडीत रस्ता. चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसफायरसारखे दिसतात. बहुतेक गाड्या अशा वेळी एबीएसच्या सेन्सरवरून ओळखून मोजणी थांबवतात, पण एबीएस बिघडलेलं असलं तर गोंधळ होतो.

आणि बघा की ती लाइट खरंच इंजिनाचीच आहे, चावीच्या चित्राची ब्लिंक होणारी लाइट इमोबिलायझरची (चोरीविरोधी यंत्रणेची) असते.

१५. गॅसवर ब्लिंक होते, पेट्रोलवर नाही. किट खराब?

आधी प्लग. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे पेट्रोलवर कसाबसा चालणारा प्लग किंवा कॉइल गॅसवर उघडी पडते. ते ठीक असेल तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर, गॅस इंजेक्टर आणि ट्युनिंग. उलट पेट्रोलवर होतं आणि गॅसवर नाही, तर पेट्रोलच्या बाजूचाच दोष, बरेच दिवस न वापरल्याने चोंदलेले इंजेक्टर नेहमीचे.

१६. डिझेलला स्पार्कच नसतो, मग ब्लिंक का?

डिझेलला प्लग-कॉइलचा सगळा भाग सोडून द्या. इंजेक्टर, कॉम्प्रेशन, इंधनात हवा किंवा पाणी, एवढंच राहतं. काही डिझेल गाड्यांत स्प्रिंगसारख्या चित्राची ग्लो प्लगची लाइट ब्लिंक होते, ती इंजिन मॅनेजमेंटमधल्या दोषाची असते, ब्रेक लाइटच्या स्विचनेसुद्धा ती लागलेली पाहिलीय. कोड वाचल्याशिवाय काहीही उघडू नका.

१७. बाइकची लाइट ब्लिंक होतेय, तिथेही मिसफायर?

बहुधा नाही. बऱ्याच फ्युएल इंजेक्शन बाइकमध्ये ब्लिंक म्हणजेच कोड असतो. काही कंपन्यांत लांब ब्लिंक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक, म्हणजे एक लांब दोन छोट्या असतील तर १२. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा.

१८. दुरुस्ती झाली. लाइट आपोआप जाईल की बॅटरीचं टर्मिनल काढू?

टर्मिनल काढू नका, सोबत रेडिओ, आयडल आणि ट्रिमचं शिकलेलं सगळं पुसलं जातं. दोष राहिला नसेल तर साधारण लागोपाठ तीन ट्रिप साफ गेल्यावर लाइट स्वतः विझते, कोड मात्र सुमारे ४० वॉर्म-अपपर्यंत मेमरीत राहू शकतो. स्कॅनरने क्लिअर केलं तरी ठीक, फक्त रेडिनेसच्या चाचण्या (१४ मधल्या गाडीच्या अंतर्गत चाचण्या) शून्यावर येतात, त्यामुळे प्रदूषण तपासणी जवळ आली असेल तर आधी काही दिवस थंड स्टार्ट, शहर, हायवे असं सगळं चालवून मग जा. आणि क्लिअर केल्यावर लगेच परत ब्लिंक झाली तर स्क्रीनशॉटमधला सिलिंडर आणि आत्ताचा सिलिंडर तोच आहे का ते बघा. वेगळा असेल तर काम करताना एखादा कनेक्टर अर्धवट बसलाय का ते आधी तपासा.